९९९ वेळा ऐकलेल्या गाण्याचे पैसे

स्पॉटिफाय या इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या (स्ट्रीमिंग) सेवेवर एखादं गाणं वर्षभरात ९९९ वेळा ऐकलं गेलं, तर त्याच्या ध्वनिमुद्रणापोटी ते करणाऱ्याला एक छदामही मिळत नाही. कंपनीने हा नियम २०२३च्या नोव्हेंबरात जाहीर केला आणि २०२४च्या सुरुवातीपासून लागू केला. मागच्या बारा महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा वाजलं असेल, तरच ते हिशेबात धरलं जातं. शिवाय ऐकणारे वेगवेगळे लोक किमान किती हवेत, अशीही एक अट आहे. तो आकडा मात्र कंपनी जाहीर करत नाही.

रक्कम क्षुल्लक वाटते म्हणून या नियमाकडे बहुतेकांनी काणाडोळा केला. पण एखाद्या नव्या इलेक्ट्रो-इंडी पॉप बँडचं सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, डोळ्यांसमोर आणा. बँडमध्ये दोघं किंवा तिघं. एक जुना सिंथ (वेगवेगळे आवाज घडवणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य), एक लॅपटॉप, एक माइक, आणि भाड्याच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून केलेलं रेकॉर्डिंग. आवाज एकत्र बसवण्याचं आणि शेवटचा हात फिरवण्याचं काम, म्हणजे मिक्सिंग आणि मास्टरिंग, बाहेरून करून घेतलेलं, त्याचे पैसे खिशातून गेलेले. गाणी सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची वर्षाची फी भरून एका शुक्रवारी गाणं सगळ्या सेवांवर चढतं. वर्षभरात तीनशे माणसं ते ऐकतात, सरासरी तीन-तीन वेळा. या तीनशेंपैकी कुणी महिन्याची वर्गणी भरलेली आहे, कुणी जाहिराती ऐकून किंमत मोजली आहे. पैसे आले, गाणं ऐकलं गेलं, आणि बँडच्या नावावर शून्य.

ऐकणाऱ्याचा पैसा त्याने ज्याला ऐकलं त्याच्याकडे गेला पाहिजे, मग ऐकणारे नऊशे असोत की नऊ कोटी. हजाराची अट तर गेलीच पाहिजे, आणि तिच्या मागे उभी असलेली वाटपाची पद्धतही बदलली पाहिजे. हे मी या एका संगीतप्रकाराच्या अंगाने मांडतो आहे, कारण स्वतंत्र बँडची वृत्ती आणि नाचाच्या संगीताची यंत्रं यांच्या मेळातून आलेला हा प्रकार लहान लेबलांच्या (रेकॉर्ड कंपन्यांच्या), लहान जागांच्या आणि सावकाश पसरणाऱ्या गाण्यांच्या बळावर उभा राहिला आहे.

सिॲटलचा बेन गिबर्ड आणि लॉस एंजेलिसचा जिमी टँबोरेलो यांचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. टँबोरेलो घरी बसून सिंथ आणि बीट्सचे तुकडे तयार करायचा आणि टपालाने सिॲटलला पाठवायचा. गिबर्ड त्यावर चाल आणि शब्द बसवायचा, गिटार घालायचा, कुठे काटछाट करायचा आणि पाकीट परत धाडायचा. काही गाण्यांत गायिका जेनी लुईसचा आवाज आला. या देवाणघेवाणीवरूनच बँडचं नाव पडलं, द पोस्टल सर्व्हिस. सब पॉप या सिॲटलच्या लेबलने २००३च्या जानेवारीत त्यांचं पहिलं सिंगल काढलं आणि पुढच्या महिन्यात अल्बम. दोघांचीही आपापली दुसरी कामं होती, त्यामुळे हा बँड कुणाचा मुख्य उद्योग नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेच्या टपाल खात्याने नावावर हक्क सांगत नोटीस धाडली. शेवटी तडजोड झाली: खात्याने नाव वापरायची परवानगी दिली, आपल्या संकेतस्थळावर त्यांची सीडीही विकली, आणि २००४च्या नोव्हेंबरात बँड खात्याच्या अधिकाऱ्यांच्या परिषदेत जाऊन वाजवून आला.

हा अल्बम खपला तो अगदी सावकाश. कॉलेजांच्या रेडिओवरून, मित्राने मित्राच्या हातात ठेवलेल्या सीडीवरून, त्यातलंच एक गाणं दुसऱ्या गायकाच्या आवाजात चित्रपटात वाजलं त्यावरून. पहिली दहा वर्षं भरता भरता त्याच्या दहा लाख प्रती गेल्या होत्या. दुसरा अल्बम या बँडने आजवर केलेला नाही, तरी २०१३मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये त्यांच्या दौऱ्यांना गर्दी झाली. आज या संगीतप्रकाराबद्दल बोलताना ज्या रेकॉर्डचं नाव हमखास निघतं, ती अशी वाढत गेली.

आता त्या रेकॉर्डच्या पहिल्या हजार गिऱ्हाइकांचा विचार करा. प्रत्येकाने काउंटरवर मोजलेल्या पैशांतून दुकानाचा, लेबलचा आणि बँडचा भाग निघत होता. आधी हजार प्रती खपवून दाखवा, तोवर तुमच्या प्रतींचे पैसे आम्ही जास्त खपणाऱ्या बँडांना वाटून टाकतो, असं कुणी म्हटलं नाही. जुनी व्यवस्था न्यायाची होती असा माझा दावा नाही. लेबलं आगाऊ दिलेली रक्कम वळती करून घेत, हिशेब वर्षानुवर्षं लांबवत, आणि कैक कलाकारांची त्यात पिळवणूक झाली. पण खपलेली प्रत ही खपलेली प्रत होती. तिचं अस्तित्वच नाकारण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

दुसरं उदाहरण ग्लासगोचं आहे आणि ते वरकरणी अगदी उलट दिसतं. लॉरेन मेबेरी, इयन कुक आणि मार्टिन डोहर्टी या तिघांनी २०११मध्ये चर्चेस हा बँड सुरू केला. २०१२च्या मे महिन्यात त्यांचं पहिलं गाणं निऑन गोल्ड या ब्लॉगवर आलं आणि काही दिवसांत इंग्लंड-अमेरिकेत पसरलं. सव्वा वर्षात, २०१३च्या सप्टेंबरात, पहिला अल्बम आला. रातोरात म्हणावं असं यश. पण कुक त्याआधी एरोग्राम या बँडमध्ये वर्षानुवर्षं वाजवून, तो बँड मोडल्याचं पाहून आला होता. डोहर्टीने दुसऱ्या एका बँडसोबत दौरे केले होते. मेबेरीने कायदा आणि पत्रकारिता शिकता शिकता लहान बँडांत गायलं होतं. ज्या तळघरातल्या स्टुडिओत हे गाणं तयार झालं, तिथे पोहोचण्याआधी तिघांनी मिळून कितीतरी अशी गाणी केली होती, जी थोड्या लोकांनी ऐकली. त्या थोड्यांनी प्रवेशशुल्क दिलं, सीडी घेतल्या, म्हणून ते टिकून राहिले. लहान श्रोतृवर्गाचा पैसा हा मोठ्या यशाचा पाया असतो हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हजाराच्या नियमाने नेमका तो पाया हिशेबातून काढून टाकला.

पैसे वाटले कसे जातात ते नीट पाहायला हवं, कारण खरा अन्याय तिथे आहे. सेवेकडे वर्गणी आणि जाहिराती यांतून जे उत्पन्न येतं, त्यातला ढोबळमानाने ३० टक्के भाग ती स्वतःकडे ठेवते. सुमारे ५५ टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकांकडे जातो आणि उरलेला सुमारे १५ टक्के शब्द-संगीताच्या हक्कांपोटी. आपल्याला वाटतं की आपले पैसे आपण ऐकलेल्या गाण्यांकडे जात असतील. तसं होत नाही. एका देशातल्या सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी गोळा होतात आणि त्या देशातल्या एकूण ऐकण्यात कुणाचा किती हिस्सा, त्या प्रमाणात वाटले जातात.

दोनच श्रोते आहेत असं धरू, आणि वाटपासाठी प्रत्येकाचे १०० रुपये जमा झाले आहेत. पहिला दिवसभर गाणी लावून ठेवतो. अभ्यास करताना, व्यायाम करताना, झोपतानाही. महिन्याला त्याची ९०० गाणी वाजतात, सगळी लोकप्रिय यादीतली. दुसरी बाई कामावरून येताना लोकलमध्ये एका लहान बँडचं नवं सिंगल आणि त्यांची जुनी गाणी ऐकते. तिची १०० गाणी होतात. २०० रुपये भागिले १,००० म्हणजे एका ऐकण्याला २० पैसे. तिच्या आवडत्या बँडला मिळाले २० रुपये. उरलेले तिचे ८० रुपये अशा लोकांकडे गेले ज्यांचं एकही गाणं तिने ऐकलेलं नाही. तिला कुणी विचारलं नाही, तिला हे कळलंही नाही. त्यात तिच्या बँडचं ते नवं सिंगल हजाराच्या आत राहिलं असेल, तर त्याच्या वाट्याचे पैसेसुद्धा गेले.

या नियमाच्या बाजूने जे सांगितलं जातं, त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. कंपनीचं म्हणणं असं की हजाराच्या आतल्या गाण्यांना सरासरी महिन्याला तीन सेंट मिळत होते. इतकी रक्कम डिस्ट्रिब्युटरच्या किमान मर्यादेत आणि बँकेच्या शुल्कात अडकून कलाकारापर्यंत पोहोचतच नव्हती. अशा सगळ्या गाण्यांची मिळून रक्कम एकूण वाटपाच्या अर्धा टक्का होती. ती कंपनी स्वतःकडे ठेवत नाही, बाकीच्या गाण्यांना वाटते. आणि बोगस गाण्यांचा पूर रोखायला ही अट उपयोगी पडते.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर सोपं आहे. रक्कम लहान असेल तर ती कलाकाराच्या खात्यावर साठू द्या. वीस गाण्यांचे, पाच वर्षांचे मिळून जेव्हा पाठवण्याजोगे होतील तेव्हा पाठवा. डिस्ट्रिब्युटर हेच तर करतात. गावच्या दूध डेअरीत अर्धा लिटर दूध घालणाऱ्या बाईचंही माप धरतात, तिच्या पुस्तकात नोंद होते आणि दहा दिवसांनी हिशेब होतो. तुझं दूध कमी भरलं म्हणून ते शेजारच्या मोठ्या गोठ्यावाल्याच्या नावावर लावलं, असं उद्या कुणी म्हणालं तर गाव ऐकून घेणार नाही. शिवाय तीन सेंट ही सरासरी आहे, आणि तिच्यात वर्षातून एकदाच वाजलेली अगणित गाणी मिसळलेली आहेत. वर्षाला आठशे-नऊशे वेळा ऐकल्या जाणाऱ्या गाण्याचे ढोबळमानाने अडीच डॉलर होतात. दोनशे गाण्यांची सूची सांभाळणाऱ्या छोट्या लेबलसाठी ते पाचशे डॉलर आहेत. तेवढ्यात एखाद्या नव्या बँडच्या सिंगलचं मास्टरिंग होऊन जातं.

अर्धा टक्का म्हणून जे सांगितलं जातं, ते कंपनीच्या स्वतःच्या अंदाजानुसार वर्षाला कोट्यवधी डॉलर आहेत. हे पैसे कुठून कुठे गेले, ते स्पष्ट बघितलं पाहिजे. ज्यांना सर्वांत कमी मिळत होतं त्यांच्याकडून निघाले आणि ज्यांना आधीपासून जास्त मिळतं त्यांच्याकडे गेले. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२२मध्ये स्ट्रीमिंगच्या बाजाराचा अभ्यास केला तेव्हा आढळलं की एकूण ऐकण्यापैकी ६० टक्क्यांहून जास्त वाटा सर्वांत वरच्या ०.४ टक्के कलाकारांकडे जातो. ल्युमिनेट या मोजणी संस्थेने २०२३च्या अखेरीस सगळ्या सेवा मिळून १८ कोटी ४० लाख ध्वनिमुद्रणं मोजली; त्यांपैकी १५ कोटी ८६ लाख त्या वर्षात हजार किंवा त्याहून कमी वेळा ऐकली गेली होती. त्यात कचरा पुष्कळ असेल, हे मान्य. पण त्याच ढिगात भविष्यातली चांगली गाणीही आहेत, आणि कोणतं कोणतं हे आकड्यावरून ओळखता येत नाही.

बोगसगिरीचा मुद्दा तर उलटा पडतो. २०२४च्या सप्टेंबरात अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका माणसावर आरोप ठेवले गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लाखो गाणी तयार करून घ्यायची, बॉट (माणसाऐवजी गाणी वाजवणारे संगणकी प्रोग्राम) लावून ती ऐकवायची आणि रॉयल्टी घ्यायची, अशा रीतीने त्याने एक कोटी डॉलरच्या वर मिळवले असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. आरोपपत्रानुसार ऐकण्यांची संख्या अब्जांत होती. म्हणजे एकेका गाण्यामागे सरासरी हजारो. ज्याच्याकडे बॉट आहेत त्याला हजाराचा उंबरठा ओलांडायला वेळ लागत नाही. अडतो तो प्रामाणिक बँड, ज्याला खरीखुरी माणसं एकेक करून मिळवावी लागतात. बोगस ऐकणी पकडायची तर ती कशी ऐकली गेली ते तपासा आणि दोषींना दंड करा. बोगस ऐकण्यांबद्दल डिस्ट्रिब्युटरकडून दंड वसूल करायची पद्धत स्पॉटिफायने आणलीच आहे, ती मला योग्य वाटते. पावसाचा किंवा पंख्याचा आवाज अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत कापून गाण्याइतके पैसे उकळणाऱ्यांनाही त्याच वेळी आळा घातला, तेही बरोबर केलं. पण चोर पकडता येत नाहीत म्हणून गरिबांची घरं टाळं लावून ठेवणं मला मान्य नाही.

बारा महिन्यांची खिडकी हा या नियमातला सर्वांत घातक भाग आहे आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं. एखादं सिंगल पहिल्या वर्षी ७००, दुसऱ्या वर्षी ८००, तिसऱ्या वर्षी ९०० वेळा ऐकलं गेलं, तर तीन वर्षांत ते २,४०० वेळा वाजलं आणि तरीही त्याची कमाई शून्य. सावकाश वाढणाऱ्या गाण्याला ही व्यवस्था शिक्षा करते आणि पहिल्या आठवड्यात उसळून नंतर विसरल्या जाणाऱ्या गाण्याला बक्षीस देते. २०२०च्या जुलैमध्ये स्पॉटिफायचे तेव्हाचे प्रमुख डॅनियल एक यांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं की तीन-चार वर्षांनी एकदा संगीत काढून आता भागणार नाही, कलाकारांनी सतत काही ना काही देत राहिलं पाहिजे. हा सल्ला कंपनीच्या फायद्याचा आहे. चांगलं गाणं करायला जो वेळ लागतो तो त्यात कुठेच धरलेला नाही. दर सहा आठवड्यांनी नवं सिंगल काढण्याची सक्ती झाली की सिंथचा आवाज घडवण्यात महिना घालवणारा माणूस मूर्ख ठरतो, आणि तयार आवाजांची पोतडी उघडून गाणं जोडणारा शहाणा.

यावर आणखी एक ओझं चढलं आहे. २०२०पासून स्पॉटिफायने एक सोय काढली: कलाकाराने किंवा लेबलने एखादं गाणं निवडायचं, यंत्राकडून ते जास्त लोकांपुढे ठेवलं जाईल, पण त्या मार्गाने आलेल्या ऐकण्यांवर रॉयल्टीतून ३० टक्के कापले जातील. आधी हजार गाठायची अट, आणि हजार गाठायचे तर आपलाच मोबदला कमी करून घ्यायचा. श्रोत्यांना न सांगता रेडिओवाल्यांना पैसे चारून गाणी वाजवून घेणं अमेरिकेत १९६० सालापासून कायद्याने गुन्हा आहे. इथे पाकीट हातात दिलं जात नाही, एवढाच काय तो फरक. निऑन गोल्डच्या ब्लॉगवर चर्चेसचं गाणं आलं तेव्हा ते कुणाला तरी मनापासून आवडलं होतं. आज त्या आवडीच्या जागी सवलतीचा सौदा बसतो आहे आणि श्रोत्याला तो दिसत नाही.

मग करायचं काय? प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांतच वाटायचे, ही पद्धत नवी नाही आणि अशक्यही नाही. साऊंडक्लाऊडने २०२१च्या एप्रिलपासून स्वतःहून गाणी चढवणाऱ्या कलाकारांसाठी ती सुरू केली. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिस्टलच्या पोर्टिसहेड या बँडने अबा या स्वीडिश बँडच्या एका जुन्या गाण्याचं आपलं रूप फक्त साऊंडक्लाऊडवर काढलं. नेहमीच्या पद्धतीने मिळाले असते त्यापेक्षा ५०० टक्के जास्त पैसे त्यांना मिळाले, असं कंपनीने नंतर सांगितलं. पोर्टिसहेड हा काही अनोळखी बँड नाही आणि एका गाण्यावरून सगळ्यांचं भाकीत करता येणार नाही, पण हिशेब तांत्रिकदृष्ट्या होऊ शकतो एवढं त्यातून पक्कं कळतं.

याच्या विरोधातला सर्वांत भक्कम पुरावा फ्रान्समधून येतो, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. तिथल्या राष्ट्रीय संगीत केंद्राने २०२१च्या जानेवारीत एक अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत बदलली तर सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या दहा कलाकारांचं उत्पन्न सुमारे १७ टक्क्यांनी घटेल, पण दहा हजाराव्या क्रमांकाखालच्या कलाकारांना सरासरी वर्षाला फार तर काही युरो जास्त मिळतील, असं त्यात निघालं. शास्त्रीय संगीत, रॉक, मेटल यांचा फायदा. रॅप आणि हिप-हॉपचा तोटा.

काही युरो हे उत्तर निराश करणारं आहे खरं. पण ही मागणी लहान बँडना श्रीमंत करण्यासाठी केलेलीच नाही. आधी सांगितलेल्या ब्रिटिश अभ्यासात असं दिसलं की महिन्याला दहा लाख वेळा ऐकला जाणारा कलाकार वर्षाला सुमारे १२,००० पौंड कमावतो. तिघांच्या बँडला प्रत्येकी ४,०००, म्हणजे ग्लासगोत वर्षभराचं घरभाडंही त्यात निघत नाही. स्ट्रीमिंगवर कुठल्याच वाटपाने लहान बँडचं घर चालणार नाही. प्रश्न असा आहे की ज्याच्यासाठी मी पैसे दिले त्याला ते मिळाले की नाही. सरासरीच्या आड हेही दडतं की ज्यांचा श्रोतृवर्ग लहान पण निष्ठावान आहे, त्यांना सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त मिळेल, आणि इलेक्ट्रो-इंडीतले अनेक बँड नेमके तसे आहेत.

रॅपचा मुद्दा मला जास्त बोचतो. रॅप फ्रान्समध्ये पॅरिस आणि मार्सेच्या गरीब वस्त्यांतून वर आलेलं संगीत आहे, ते ऐकणारी मुलं तरुण आहेत आणि ती खूप तास ऐकतात. वाटपाची पद्धत बदलताना त्यांच्याकडून काढून मध्यमवर्गीय रॉकवाल्यांना दिलं, तर तो कुठला न्याय? यावर मी बराच विचार केला. माझं मत असं झालं की जो तोटा होईल त्याचा मोठा भाग वरच्या मोजक्या नावांचा असेल. वस्तीतल्या नव्या रॅपरची स्थिती आज तरी त्या लहान बँडसारखीच आहे; त्याचेही मित्र, शेजारी, गल्लीतली पोरं त्याला ऐकतात आणि त्यांचे पैसे देशातल्या पहिल्या दहांकडे वाहत जातात. तीनशे माणसांची वर्गणी त्यालाही तितकीच हवी आहे.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात आणि जास्त टोकाचा आहे. २०१९च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं तेव्हा महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती. अमेरिकेत तेव्हा ९.९९ डॉलर होती. बहुसंख्य श्रोते वर्गणी न भरता जाहिरातींसह ऐकतात. म्हणजे गोळा होणारा पैसाच मुळात कमी, आणि त्याचं वाटप देशभराच्या एकूण ऐकण्यावर. पुण्यातल्या एखाद्या जोडीने मराठी शब्द आणि मॉड्युलर सिंथ घेऊन सिंगल काढलं, तर त्यांचा वाटा हिंदी चित्रपटगीतं आणि पंजाबी पॉप यांच्या महासागरात मोजला जातो. मराठी श्रोता दिवसाला दहाच गाणी ऐकत असेल आणि दहाही मराठी असतील, तरी त्याच्या वर्गणीतले बहुतेक पैसे मराठीबाहेर जातात. हिंदी किंवा पंजाबी गाण्यांशी माझं काही वाकडं नाही, मीही ती ऐकतो. पण जी ऐकली त्यांना द्यावेत आणि जी ऐकली नाहीत त्यांना देऊ नयेत, एवढी साधी गोष्ट मागतो आहे. मराठीत स्वतंत्र बँड टिकत नाहीत अशी तक्रार आपण नेहमी करतो, आणि मराठी श्रोत्याचा पैसा कुठे जातो ते कधी विचारत नाही.

कायद्याने आपल्याकडे काही चांगलं घडलेलं आहे. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीत समान वाटा दिला, आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देता येणार नाही अशी तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स (संगीत कंपनी) विरुद्ध विंक (स्ट्रीमिंग सेवा) या खटल्यात २०१९मध्ये निकाल दिला आणि २०२२मध्ये खंडपीठाने तो कायम केला: रेडिओसाठी असलेला, मालकाच्या संमतीविना कायद्याने मिळणारा परवाना इंटरनेटवरच्या सेवांना मिळणार नाही, त्यांनी गाण्याच्या मालकाशी बोलणी करूनच दर ठरवावा. निकाल योग्यच आहे. पण बोलणी करू शकतो तो हजारो गाण्यांची मालकी असलेला कंपनीवाला. घरी सिंगल तयार करून डिस्ट्रिब्युटरच्या अर्जावर ‘मान्य आहे’ अशी खूण करणाऱ्या बँडशी कुणीही बोलणी करत नाही. हजाराची अट आली तेव्हा त्याला आधी विचारलंही गेलं नाही.

ब्रिटनमध्ये या प्रश्नावर संसदेच्या समितीने २०२१च्या जुलैमध्ये संपूर्ण व्यवस्था नव्याने मांडा असा अहवाल दिला. गायक-वादकांना मोबदल्याचा हक्क देणाऱ्या, केव्हिन ब्रेनन या खासदाराच्या विधेयकावर त्या वर्षाच्या डिसेंबरात चर्चा झाली. ते मंजूर झालं नाही. उरुग्वेने मात्र २०२३मध्ये कलाकारांना न्याय्य मोबदला देणारा कायदा केला. स्पॉटिफायने देश सोडून जाण्याची घोषणा केली आणि सेवेवर जादा भार पडणार नाही असं सरकारने स्पष्ट केल्यावर महिन्याभरात ती मागे घेतली. पस्तीस लाख लोकांच्या देशाने कायदा केला, तो टिकवला, आणि सेवा बंद पडली नाही.

तोवर श्रोत्याला करता येण्यासारखं थोडंफार आहे. एखाद्या बँडचं नवं सिंगल आवडलं आणि ते बँडकॅम्प या बँडकडून थेट गाणी विकत घेण्याच्या संकेतस्थळावर असेल, तर तिथून विकत घ्यावं. डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि पैसे पाठवण्याचं शुल्क वजा जाता बाकीचं बँडकडे जातं, पहिल्याच प्रतीपासून. ती कंपनी २०२२ आणि २०२३ अशी दोनदा विकली गेली आणि दुसऱ्या विक्रीनंतर तिथले निम्मे कर्मचारी कामावरून गेले, तेव्हा तिच्याही भरवशावर फार राहता येणार नाही. म्हणून कायद्याकडे वळावंच लागतं. भारतात कॉपीराइट कायद्याच्या पुढच्या दुरुस्तीची चर्चा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निमित्ताने सुरू आहे. त्या दुरुस्तीत स्ट्रीमिंग सेवांना दोन गोष्टी बंधनकारक करता येतील: ऐकलं गेलेलं कुठलंही गाणं किमान संख्येच्या अटीवर मोबदल्यातून वगळायचं नाही, आणि वर्गणीदाराला त्याचे पैसे कोणत्या कलाकारांकडे गेले त्याचा वर्षातून एकदा तपशील द्यायचा. दुसरी तरतूद मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण त्या लोकलमधल्या बाईला आपले ८० रुपये कुठे गेले हे एकदा कळलं, की वाटपाची पद्धत बदलण्याची मागणी ती स्वतःच करेल. या चर्चेत मोठी लेबलं, चित्रपट निर्माते आणि तंत्रज्ञान कंपन्या यांची निवेदनं जातील. स्वतः गाणं करून स्वतः चढवणाऱ्यांची संघटना आपल्याकडे माझ्या माहितीत तरी उभी राहिलेली नाही, आणि ती या दुरुस्तीच्या आधी उभी राहायला हवी.